पाठीवरचे ओझे आणि डोंगरवाट

श्रावण लागला की नाशिककरांची पावले त्र्यंबकेश्वराकडे वळू लागतात. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघणाऱ्यांत तरुणांचा भरणा मोठा असला, तरी साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळीही त्या गर्दीत हटकून दिसतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरांची, मोठी त्याच्या जवळजवळ दुप्पट. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगगडाची वाट गजबजते. पाऊस ओसरला की कुणाला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर खुणावते, तर निवृत्तीनंतर राहून गेलेली केदारनाथची यात्रा कुणाच्या मनात घर करून असते. हेतू भक्तीचा असो वा निसर्गदर्शनाचा, डोंगर चढताना शरीराला एकच हिशेब कळतो. किती वजन, किती चढ आणि किती वेळ, एवढाच तो हिशेब असतो.

निघण्यापूर्वी आपण पादत्राणांचा विचार करतो, पावसाचा अंदाज पाहतो, गाडीची व्यवस्था करतो. पिशवी मात्र बहुधा आदल्या रात्री भरली जाते, आणि तीही ‘हे असू द्या’, ‘तेही असू द्या’ अशा प्रेमळ आग्रहात. सून डबा देते, मुलगा पॉवर बँक देतो, शेजारीण देवीसाठी नारळ देते. प्रत्येक वस्तू एकटी हलकीच असते. त्यांची बेरीज मात्र कुणी करत नाही, आणि ती बेरीज ज्येष्ठांच्या गुडघ्यांना दिवसभर सोसावी लागते. आजच्या लेखात आपण ती बेरीज घरीच, निघण्याआधी करून पाहू.

ओझे कुठे उतरते?

पाठीवर घेतलेले वजन खांद्यांवर थांबत नाही. ते मणक्यांतून कमरेत, तेथून नितंबाच्या सांध्यांत, गुडघ्यांत आणि अखेर घोट्यांतून जमिनीत उतरते. गुडघेदुखी असलेल्या वजनदार ज्येष्ठांचा अमेरिकेत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे त्यात आढळले. हा हिशेब शरीराच्या वजनाचा आणि सपाट चालण्याचा आहे. पिशवीच्या ओझ्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी त्यातून दिशा कळते. वीस किलोमीटरांच्या फेरीत ज्येष्ठ व्यक्तीची पावले तीस हजारांच्या घरात जातात. एक किलोचा फरक इतक्या वेळा मोजला गेला, तर तो किरकोळ राहत नाही.

चढताना दम लागतो, म्हणून आपल्याला चढ अवघड वाटतो. सांध्यांची आणि स्नायूंची खरी परीक्षा मात्र उतारावर होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या याच कामामुळे. थकलेल्या मांड्यांना पाठीवरचे ओझे आवरता आले नाही, की पाय लटपटतो आणि तोल जातो. म्हणून ‘वर जाताना काहीच वाटले नाही’ या अनुभवावर ओझ्याचा निर्णय सोपवू नये.

वाढत्या वयात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे हाडांची घनता. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. पुरुषांची हळूहळू होतात. अशा विरळ मणक्याला पुढे वाकून आणि पिळून उचललेले वजन सर्वांत घातक ठरते. जमिनीवरची भरलेली पिशवी एका हाताने हिसका देऊन खांद्यावर टाकण्याची आपली सवय म्हणजे नेमकी हीच हालचाल होय. मणका दबण्याची इजा प्रत्यक्ष चढणीआधीच, गाडीतून उतरताना होऊ शकते.

किती ओझे चालेल?

शाळकरी मुलांच्या दप्तराबाबत केंद्र सरकारच्या २०२० सालच्या धोरणाने मर्यादा सुचवली आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, अशी ती मर्यादा आहे. आजी-आजोबांच्या पिशवीसाठी असा कोणताही कायदा नाही. तो घरानेच करावयाचा आहे. निरोगी, नित्य चालणाऱ्या ज्येष्ठाने एका दिवसाच्या डोंगरवाटेवर वजनाच्या दहा टक्क्यांची रेषा ओलांडू नये, आणि गुडघे, कंबर वा हृदयाची तक्रार असल्यास पाच टक्क्यांच्या आतच राहावे, हा व्यवहारात सोपा पडणारा नियम आहे. ज्यांचे वजन मुळात अधिक आहे, त्यांनी मात्र टक्केवारीच्या आधाराने अधिक ओझे घेऊ नये; त्यांचे गुडघे आधीच जादा भार वाहत असतात.

वजन मोजण्यासाठी खास साधन लागत नाही. घरातील वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहावे, मग भरलेली पिशवी पाठीवर घेऊन उभे राहावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे आपले ओझे. पाण्याच्या बाटल्या भरून आणि डबा आत ठेवूनच मोजावे. रिकाम्या बाटलीने केलेले मोजमाप डोंगरावर उपयोगी पडत नाही.

एका पिशवीचा हिशेब

समजा, ६८ वर्षांच्या आजी प्रदक्षिणेला निघाल्या आहेत. वजन ५५ किलो, गुडघे अधूनमधून दुखतात. पाच टक्क्यांनी त्यांच्या वाट्याला पावणेतीन किलो येतात. आता प्रेमाने भरलेली पिशवी काट्यावर ठेवू. जाड कापडाची पिशवी ७०० ग्रॅम. स्टीलच्या दोन बाटल्या आणि त्यांतील दोन लिटर पाणी मिळून २ किलो ६५० ग्रॅम. स्टीलचा भरलेला डबा ९००, शाल ४००, बदलायची साडी व इतर कपडे ८००, टॉवेल ३००, छत्री ४००, नारळ ६००, औषधांचा सबंध डबा ३००, मोबाइल आणि पॉवर बँक ४००, विजेरी १५०. बेरीज ७ किलो ६०० ग्रॅम होते. आजींच्या वजनाच्या जवळजवळ चौदा टक्के!

यातले काय कमी करता येईल? पिशवी हलक्या कापडाची घेतली तर ४०० ग्रॅममध्ये भागते. हलक्या बाटलीत एक लिटर पाणी, १ किलो ५० ग्रॅम. दशमी, चटणी आणि खजूर कापडात बांधून ४००. छत्रीऐवजी पातळ रेनकोट २५०. त्याने हातही मोकळे राहतात. टॉवेलऐवजी पंचा १२०. औषधे सबंध महिन्याची नव्हेत, दोन दिवसांची, ६० ग्रॅम. मोबाइल २०० आणि लहानशी विजेरी ५०. आता बेरीज २ किलो ५३० ग्रॅम झाली. नारळ देवळाच्या दारात मिळतो. साडी आणि शाल गाडीत किंवा मुक्कामी राहते. हाती उरलेल्या दोनशे ग्रॅमांत एक पातळ, कोरडे गरम बनियन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. त्र्यंबकच्या पावसात चिंब झालेल्या वृद्ध शरीराला हुडहुडी लवकर भरते. अंगावरचे सुती कपडेही भिजल्यावर चांगलेच जड होतात, हे ओझे काट्यावर दिसलेले नसते. म्हणून पाण्यापासून वस्तू राखणे हाही वजन राखण्याचाच भाग आहे.

हा हिशेब करताना एक चूक मात्र टाळावी. ओझे कमी करायचे म्हणून पाणी कमी पिऊ नये. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. घसा कोरडा पडेपर्यंत शरीरातले पाणी बरेच घटलेले असते. एक लिटर जवळ ठेवून वाटेत पुन्हा भरून घ्यावे. पावसाळ्यात झऱ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले, तरी ते तसेच पिऊ नये. पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी काही ग्रॅमांची असते, आणि ती एक किलो ओझे वाचवते.

श्रावणी सोमवारचा उपवास आणि मधुमेह एकत्र असतील, तर अधिक सावध राहावे. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी डोंगर चालणे धोक्याचे आहे. हात थरथरणे, घाम फुटणे, डोके हलके होणे, बोलण्यात गोंधळ उडणे ही साखर घसरल्याची लक्षणे असतात. उपवास करावा की नाही, गोळीची मात्रा कशी ठेवावी, हे निघण्याच्या काही दिवस आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ग्लुकोजची पुडी मात्र खिशात असलीच पाहिजे. उपवास मोडण्यापेक्षा शुद्ध हरपणे अधिक अशुभ.

भरणे, बांधणे, उचलणे

एकाच वजनाच्या दोन पिशव्या शरीराला सारख्या वाटत नाहीत. वजन पाठीपासून जितके दूर, तितके शरीर ते सावरण्यासाठी पुढे झुकते आणि कंबर ओढली जाते. म्हणून जड वस्तू, विशेषतः पाणी, पाठीला चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांपासून कमरेपर्यंतच्या मधल्या भागात असावी. हलके कपडे तळाशी आणि बाहेरच्या बाजूस ठेवावेत. दोन्ही बाजूंचे वजन सारखे राखावे. एका बाजूच्या कप्प्यात बाटली असेल, तर दुसऱ्या बाजूला डबा घालावा.

एका खांद्यावर लटकवलेली शबनम डोंगरावर नको. ती घसरू नये म्हणून खांदा नकळत वर उचलला जातो, आणि मान दिवसभर ताठ राहते. दोन पट्ट्यांची, रुंद व मऊ पट्ट्यांची पिशवी घ्यावी. कमरेला पट्टा असेल तर तो पोटावर न बांधता नितंबाच्या हाडांवर बांधावा. त्यामुळे वजनाचा काही भाग खांद्यांवरून कमरेवर उतरतो. अरुंद पट्ट्या काखेजवळच्या नसांवर दाब देतात. चालताना बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर ‘चालायचेच’ म्हणून पुढे जाऊ नये. थांबून पट्टे सैल करावेत आणि ओझे उतरवावे.

पिशवी उचलण्याची रीत अशी असावी. पार, कट्टा किंवा गाडीची बैठक अशा कमरेइतक्या उंचीवर ती ठेवावी. तिच्याकडे पाठ करून दोन्ही हात पट्ट्यांत घालावेत आणि मग सरळ उभे राहावे. उठताना श्वास रोखून धरू नये, हळू सोडत राहावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या आणि काचबिंदूच्या रुग्णांनी ही गोष्ट विशेष जपावी.

हातातील काठी हेही वजन पेलण्याचे साधन आहे. उतारावर गुडघ्यांवर येणारा भार काठीमुळे काही अंशी हातांकडे जातो. दोन काठ्या असल्यास तोलही सांभाळला जातो. हरिहरसारख्या गडावर, जेथे कातळातील पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, तेथे पाठीवरचे ओझे चढणाऱ्याला मागे ओढते. अशा वाटा ज्येष्ठांनी पायथ्यावरूनच पाहाव्यात, हे बरे.

वजन कमी, पण खिसा रिकामा नको

ओझे दुसऱ्याकडे द्यावे, याबद्दल दुमत नाही. काही वस्तू मात्र कधीही दुसऱ्याकडे देऊ नयेत. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवण्याची गोळी, दम्याचा पंप, ग्लुकोजची पुडी, चष्मा, आणि चालू औषधांची नावे, आजार व घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेला कागद या गोष्टी ज्येष्ठाच्या स्वतःच्या अंगावर, कमरेच्या लहान बटव्यात असाव्यात. सगळ्यांचे वजन मिळून पाव किलोही होत नाही. गर्दीत मंडळी पांगतात. औषध बरोबर असलेला मुलगा दोन वळणे पुढे गेलेला असतो, आणि दुखणे त्याची वाट पाहत नाही.

हिमालयात हा नियम अधिक कडकपणे पाळावा लागतो. गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतची वाट सुमारे १६ किलोमीटरांची असून मंदिर ३५८३ मीटर उंचीवर आहे. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच असतो. नाशिकच्या सपाटीवर सहज वाहिलेली पिशवी तेथे दुप्पट भासते. म्हणून सामान खेचरावर किंवा पिट्ठूकडे देणे शहाणपणाचे आहे. पण खेचर पुढे निघून जाते, वाट पावसाने अडते, आणि सामान एका मुक्कामी तर माणूस दुसऱ्या मुक्कामी अशी ताटातूट होते. इन्सुलिन त्या सामानात असेल, तर प्रसंग बिकट होतो. शिवाय इन्सुलिन गोठले की निकामी होते. थंडीत ते अंगावरच्या कपड्यांच्या आत, शरीराच्या उबेत ठेवावे.

घाई हेही ओझेच

ओझे वाहण्याची कला ज्यांना खरोखर साधली आहे, अशांमध्ये नेपाळचे हमाल अग्रगण्य. एव्हरेस्टच्या वाटेवरील नामचे बाजारास माल नेणाऱ्या हमालांचा अभ्यास २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुरुष हमाल सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के, तर स्त्रिया ६६ टक्के ओझे वाहत होत्या. कपाळावरून जाणाऱ्या पट्ट्याने ते ओझे पेलले जाते. हे आकडे अनुकरणासाठी नाहीत. बालपणापासून घडलेल्या शरीरांचे ते आहेत. अनुकरण करावे ते त्यांच्या चालीचे. हे हमाल सावकाश चालतात आणि वारंवार थांबतात. आखूड काठीवर मागचे ओझे टेकवतात, उभ्या-उभ्याच श्वास घेतात आणि पुन्हा चालू लागतात. आपल्याकडे मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या आदिवासी भगिनीही डोक्यावर चुंबळ ठेवून याच संथ लयीत चालतात.

यातून घेण्याजोगा धडा साधा आहे. चढावर बोलता येईल इतकीच गती ठेवावी. एक वाक्य पुरे करताना धाप लागली, तर गती अधिक आहे असे समजावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग मुळातच कमी ठेवतात. अशा व्यक्तींनी मनगटावरील घड्याळात दिसणाऱ्या ठोक्यांवर विसंबू नये, बोलण्याची ही कसोटीच वापरावी. दर अर्ध्या तासाला पिशवी पूर्ण उतरवून पाच मिनिटे बसावे. कट्ट्यावर पिशवी टेकवून घेतलेला क्षणभराचा विसावाही उपयोगी पडतो. वाटेत दोन घोट पाणी आणि खजुराचा तुकडा घ्यावा, पोटभर जेवून लगेच चढू नये.

सहा आठवड्यांचा सराव

पिशवीची सवय शरीराला हळूहळू लावावी. पहिले दोन आठवडे रोज सकाळी गंगापूर रोडवर किंवा घराजवळच्या बागेत रिकामी पिशवी पाठीवर घेऊन अर्धा तास चालावे. पट्टे कुठे रुततात, ते तेव्हाच कळेल. पुढील दोन आठवडे एक लिटर पाण्याची बाटली आत ठेवावी. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात नेमके तेवढेच ओझे घ्यावे, जेवढे यात्रेत असणार आहे. आणि आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या किंवा चामरलेणीच्या पायऱ्या चढाव्यात. चढण्याइतकेच लक्ष उतरण्याकडे द्यावे. दुसऱ्या दिवशी दुखणे दोन दिवसांत ओसरले, तर ती स्नायूंची सवय समजावी. गुडघा सुजला, सांध्यात कळ येऊ लागली किंवा पाठीत एका जागी टोचू लागले, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पिशवीचे वजन, घेतलेला वेळ आणि त्या रात्रीची दुखणी एका वहीत नोंदवावीत. सहा आठवड्यांच्या त्या वहीवरून डॉक्टरांनाही नेमका सल्ला देणे सोपे जाते, आणि ‘मला जमेल’ व ‘तुम्हाला झेपणार नाही’ हा घरातला वादही आकड्यांनी मिटतो.

कोणी ओझे घेऊच नये?

मणका पूर्वी दबलेला किंवा हाडे फार विरळ झाल्याचे निदान झालेले, अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि हर्निया असलेले यांनी पाठीवर काहीही न घेता जावे, आणि जावे की नाही हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. एक तक्रार स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत, ती अंग बाहेर येण्याची. ओझे उचलल्याने आणि उतारावर दणके बसल्याने ती वाढते. सुनेने किंवा लेकीने एकांतात, आपुलकीने हे विचारून घ्यावे. त्यावर उपचार आहेत.

वाटेत छातीत दाब वा दुखणे, विसाव्यानंतरही न थांबणारी धाप, चक्कर, जीभ जड होणे, हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले, तर पिशवी तेथेच उतरवावी, चालणे थांबवावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा. ‘एवढे वळण गेले की बसू’ असे म्हणू नये.

सोबत करणाऱ्यांसाठी

ज्येष्ठांच्या मनात एक भीती खोलवर असते, ती म्हणजे आपण कुणाला ओझे होऊ नये. म्हणूनच सत्तरीतले आजोबा ‘माझे मी घेतो’ म्हणत जड पिशवी सोडत नाहीत. ती पिशवी त्यांच्यासाठी स्वावलंबनाची खूण असते. ती हातातून ओढून घेतली, तर पाठीवरचे वजन उतरते, पण मनावर वेगळेच चढते. म्हणून ओझे सगळे काढून न घेता वाटून घ्यावे. पाणी आणि कपडे मुलाकडे, डबा नातवाकडे, तर औषधांचा बटवा, पैसे आणि घरच्यांचे क्रमांक आजोबांकडे. सर्वांत महत्त्वाच्या वस्तू ज्याच्याकडे, तो गटातला जबाबदार माणूस, हे त्यांना न सांगताही कळते.

सोबत करणाऱ्यांनी स्वतःच्या शरीराचाही विचार करावा. पंचेचाळिशीतली लेक पाठीवर आपली आणि पोटावर आईची पिशवी अडकवून उतरते, तेव्हा तिला स्वतःचीच पावले दिसत नाहीत. ओल्या पायऱ्यांवर त्यातून दोघीही पडू शकतात. दोन पिशव्यांचे सामान निघण्याआधीच एका पिशवीत बसवावे; न बसणारे घरी राहील. तेही शक्य नसेल, तर पैसे देऊन माणूस करावा. त्यात कमीपणा नाही, आणि डोंगरातल्या एका घराला त्या दिवसाची मिळकत होते. सप्तशृंगगडावर सुमारे पाचशे पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८ सालापासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. चढताना पायांनी आणि उतरताना ट्रॉलीने, हाही गुडघ्यांसाठी उत्तम तोडगा आहे.

आपल्या परंपरेने हे शहाणपण केव्हाच ओळखले आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नर, नगरमार्गे पंढरीला जाते. त्या वाटेवर शेकडो किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या वळकट्या, तंबू, भांडी दिंडीबरोबरच्या ट्रकमधून जातात. वारकऱ्याच्या हाती टाळ, खांद्यावर पताका, पाठीला फार तर एक लहान झोळी. ओझे ट्रकवर दिले म्हणून कुणाची वारी उणी ठरत नाही.

तेव्हा, वाचकहो, येत्या रविवारी घरातला वजनकाटा हॉलमध्ये आणून ठेवा. यात्रेची पिशवी भरा आणि आजी-आजोबांसह सर्वांनी मिळून तिचे वजन करा. काढलेली प्रत्येक वस्तू बाजूला एका चादरीवर मांडा. जी वस्तू काढायला मन धजावत नाही, ती कुणी घ्यायची हे तिथेच ठरवा. डोंगर कुठे जात नाही. आपण हलके होऊन, सुखरूप जाऊन, सुखरूप परत यावे. शुभयात्रा!